राखणदाराचा वाटा

नेत्राच्या उशीवरचा तांदळाचा दाणा चालायला लागला आणि राहीबाईची वाचाच बसली.

आधी तिला तो दाणाच वाटला होता. कार्टीनं पुन्हा अंथरुणात बसून भात खाल्ला, असं पुटपुटत तिनं तो उचलायला चिमूट पुढं केली, तर दाणा आखडला, लांब झाला आणि उशीच्या शिवणीकडं सरकला. राहीबाई खारबावची, खाडीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून चिंबोऱ्या काढण्यात उमर गेलेली. साप आडवा गेला तर "जा बाबा तुझ्या वाटेनं" म्हणून पुढं चालणारी बाई ती. पण त्या एवढ्याशा पांढऱ्या जिवानं तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. उशीवर पाच वर्षांची नात दुपारची झोपली होती, आणि नातीच्या तोंडाजवळ मुकादम आपली शेपूट पसरून घोरत होता.

मुकादम म्हणजे घरचा कुत्रा. केसरीनाथनं, म्हणजे राहीबाईच्या नवऱ्यानं, शेताच्या मोठ्या तुकड्यावर गोदाम बांधून भाड्यानं दिलं, आणि तिथल्या ट्रकवाल्यांवर हा पिल्लू असल्यापासून असा काही भुंकायचा की हमालांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलं. गोदामावर दरारा, आणि घरी आला की नेत्राची बाहुली. तिनं कान ओढावे, पाठीवर बसावं, त्यानं तिचं तोंड चाटावं. दोघं एकाच वर्षी घरात आलेली.

सून क्षितिजा कल्याणची, चार बुकं जास्त शिकलेली. तिनं मुकादमाची शेपूट वर केली, तर तिथं आणखी तसेच दाणे. तिनं तोंडावर हात ठेवला. आजच्या आज डॉक्टरकडं न्यायचं, आणि जंताच्या औषधाची एकदाची नीट व्यवस्था लावून घ्यायची, असं ती म्हणाली. राहीबाईनं नाक मुरडलं. कुत्र्याला जंत होणारच, दरवर्षी ती गुळात कडुलिंब घालून देतच होती की. पण आतून तीही हादरली होती, म्हणून नको म्हणता म्हणता सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. मितेशनं, तिच्या मुलानं, गाडी काढली आणि दोघींना कुत्र्यासकट भिवंडीत सोडून तो कामावर गेला.

जनावरांची डॉक्टर बाईमाणूस निघाली. सुकन्या नाव. तिनं शेपटीखालचा दाणा कागदावर घेतला आणि हसून सांगितलं की हा पट्टकृमीचा तुकडा, पिसवांतून येतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत पोटात जातो. दिसायला घाण, पण घाबरण्यासारखं काही नाही. मग तिनं एकेक विचारायला घेतलं. कुत्रा घरात झोपतो का, लहान मूल आहे का, उंदीर-घुशी मारतो का. औषध किती वेळा द्यायचं ते ह्याच्यावर ठरतं, म्हणाली.

"कच्चं मांस घालता का त्याला?"

"न्हाय," राहीबाई ताडकन म्हणाली. "आमच्या घरान् कुत्र्याला कच्चा घालत न्हाईत. डालभात खातो, कधी सुक्या बोंबलाचं डोकं."

ती खोटं बोलत नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. त्या बाईला खोटं बोलताच येत नाही, तिच्या जिभेची धास्ती गावाला आहे ती त्यामुळंच.

मग व्यवस्था ठरली. आज एक गोळी, पुढं दर तीन महिन्यांनी एक, आणि पिसवांसाठी दर महिन्याला मानेवर औषधाचे थेंब. क्षितिजाच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. राहीबाईचाही सुटला, आणि सुटल्याबरोबर तिची जीभही सुटली. कुत्र्याचं गोणपाट उन्हात टाका, गोणपाट उन्हात टाका, असं घसा फोडून सांगते, पण ह्या घरात ऐकतं कोण, असं तिनं सुनेला डॉक्टरसमोरच सुनावलं. क्षितिजा बिचारी हसली. उठता उठता राहीबाईची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर एक मोठं चित्र होतं. बकऱ्याची कलेजी, आणि तिच्यात पाण्यानं भरलेले पांढुरके फुगे, लहान-मोठे. राहीबाईला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिनं कौतुकानं बोट दाखवलं.

"ह्यो तर आमच्या राखणदाराचा वाटा," ती म्हणाली. "भरलेली कलेजी."

सुकन्या लिहीत होती, ती थांबली. कसला वाटा, असं तिनं अगदी हळू विचारलं. मग राहीबाईनं खुलून सांगितलं. भात कापायच्या आधी राखणदाराला, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाला, बकरा देतात. त्याला राखण म्हणतात, सगळा गाव देतो. पण त्यांच्या घरची एक वेगळी चाल होती. कलेजीत असे फुगे निघाले तर ती भरली म्हणायची. राखणदारानं आपला वाटा स्वतः निवडला असं धरायचं. माणसानं तो खायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही. शेत राखतो तो कुत्रा, म्हणून तो वाटा घरच्या थोरल्या बाईनं बांधावर नेऊन कुत्र्यापुढं ठेवायचा. आधी सासू हौसा ठेवायची, आता राहीबाई ठेवते. एका वर्षी हौसानं वाटा अर्धाच ठेवला. त्या सालात ती खळ्यात पाय घसरून उखळावर आदळली, आणि राखणदारानं तिथंच तिचा गळा धरला. तेव्हापासून राहीबाईनं एक वर्ष चुकवलं नव्हतं. फुगे नसले तरी कलेजी-फोपसं सगळं ठेवायची.

"कच्चं?" सुकन्यानं विचारलं.

"देवाचा वाटा शिजवतान का कुठं?"

"मग आजी, मघाशी तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही इचारलंत, आम्ही घालतो का. आम्ही कुठं घालतो? तो राखणदाराचा हाय."

राहीबाईनं सुनेकडं पाहिलं, तर ती भिंतीला टेकली होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता. सुकन्यानं खुर्ची ओढून राहीबाईच्या समोर घेतली. ह्या फुग्यांतून कुत्र्याच्या पोटात दुसराच पट्टकृमी होतो, तिनं सांगितलं. तो इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, कुत्र्याला त्याचा त्रासही नाही. पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, जिभेला लागतात. तिथून माणसाच्या हाताला, हातातून तोंडात. आणि मग माणसाच्या कलेजीत असेच फुगे धरतात. वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही.

राहीबाईनं पुन्हा चित्राकडं पाहिलं. ज्या वाट्याला ती हळद-कुंकू वाहत आली, तो त्या भिंतीवर रोग म्हणून टांगलेला होता. मुकादम टेबलाखालून आला आणि सवयीनं तिचा हात चाटू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो हात मागं घेतला.

सुकन्यानं ठरवलेलं सगळं खोडलं. आता दोन मार्ग आहेत, ती म्हणाली. वाटा कच्चाच ठेवणार असाल तर गोळी दर सहा आठवड्यांनी, कुत्रा जगेल तोवर, एकही न चुकवता. कच्चं कायमचं बंद करणार असाल तर तीन महिन्यांची चालेल. कुठला निवडायचा ते घरी ठरवा, पण मला खरं सांगा. आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करून घ्या, पोरीची सगळ्यात आधी.

परतीच्या रिक्षात क्षितिजा एक शब्द बोलली नाही. तिनं बोलावं, चार शिव्या घालाव्या, असं राहीबाईला फार वाटत होतं. भांडणाला ती कधी भ्याली नव्हती. त्या गप्प बसण्यानं मात्र तिचा जीव अर्धा झाला.

मुकादमाला ओट्यावर बांधलं. नेत्रानं रडून घर डोक्यावर घेतलं. केसरीनाथला सांगितलं तर तो आधी हसला. एवढी वर्षं कोणाला काही झालं नाही, ते आत्ताच बरं होईल, म्हणाला. पण रात्रीचं ताट त्यानं तसंच सरकवलं.

सोनोग्राफीच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या राहीबाईनं गावदेवीला हात जोडले. पोरीला काही निघू देऊ नको, मी तुला... आणि ती अडखळली. नवस बोलायचा तर बकराच बोलायचा, दुसरं काही तिला ठाऊकच नव्हतं. आणि बकरा म्हटला की डोळ्यांपुढं ती भिंत. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. देवाजवळ मागायलासुद्धा आपल्यापाशी तोंड राहिलं नाही, असं तिला वाटलं.

दार उघडलं. नेत्रा पोटावरचं गार जेल पुसत, खिदळत बाहेर आली. मागून क्षितिजा आली आणि सासूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. काही नव्हतं. पोरीचं पोट आरशासारखं स्वच्छ होतं. मितेशला काही नव्हतं, क्षितिजाला नव्हतं, केसरीनाथला नव्हतं. राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चला घरी म्हणून ती उठली. मला काय धाड भरलीय, पहाटे उठून पाणी भरते, म्हणाली. क्षितिजानं तिला हात धरून आत नेलं.

डॉक्टरचा हात तिच्या उजव्या बरगडीखाली थांबला. पुढं गेला, मागं आला, पुन्हा तिथंच थांबला. त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. काळ्या अंधारात एक गोल होता, मोसंबीएवढा, आणि त्याच्या आत लहान लहान गोल. राहीबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. असे फुगे तिनं आपल्या हातांनी कितीदा तरी बांधावर नेऊन ठेवले होते.

कुत्रा किती वर्षांचा आहे, असं डॉक्टरनं विचारलं. नेत्राएवढा, क्षितिजा म्हणाली. मग ही गाठ त्याची नसावी, त्याच्याही आधीची जुनी दिसते, तो म्हणाला. आणखी तपासण्या कराव्या लागतील, बहुतेक ऑपरेशनही, पण ते होण्यासारखं आहे. तोवर मात्र जपायचं. जड उचलायचं नाही, पडायचं नाही, पोटाला मार लागू द्यायचा नाही.

"मार लागला तर काय व्हतंय?" राहीबाईनं विचारलं.

"गाठ आत फुटू शकते, आजी. मग अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. दवाखान्यात पोचायलासुद्धा वेळ मिळत नाही कधी कधी."

राहीबाई उठून बसली. जेल पुसायचं तिला भान राहिलं नाही. ती डॉक्टरकडं बघत नव्हतीच. तिला खळं दिसत होतं. ती तेव्हा नवी सून होती. हौसा उखळावर आदळली, पोट धरून उठली, काय न्हाय झाला म्हणाली. आणि बघता बघता तिच्या मानेवर, हातांवर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळे बाहेर आले. पाणी आणायला गेलेली राहीबाई तांब्या घेऊन परत आली, तेव्हा सगळं आटपलं होतं. भगतानं बघून सांगितलं, वाटा अर्धा ठेवला म्हणून राखणदारानं गळा धरला. आणि पुढच्याच राखणीला, भिऊन, राहीबाईनं तेव्हाच्या वाघ्या कुत्र्यापुढं सबंध वाटा ठेवला होता. ज्या वाट्यानं सासू नेली तोच तिनं एवढी वर्षं आपल्या हातानं कुत्र्यांना भरवला होता, आणि वाघ्यानं चाटलेल्या त्याच हातांनी घरादाराला जेवू घातलं होतं.

बाहेर येऊन तिनं हे केसरीनाथला सांगितलं. तो भिंतीला हात लावत लावत खाली बसला. एवढा मोठा माणूस, गोदामाचा मालक, "आये गो" एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा बघत राहिला.

ऑपरेशनची तारीख पडायच्या आत राखण आली. करायचीच नाही, असं क्षितिजाचं म्हणणं. राहीबाई म्हणाली, करायची. शेताच्या उरलेल्या तुकड्याच्या बांधावर भाऊबंद जमले, बकरा कापला, आणि थोरला दीर दामू कलेजीचं पान घेऊन आला. भरली होती. कडेला दोन फुगे उन्हात चकाकत होते. बायकांनी हात जोडले. मुकादमाला त्या दिवशी घरी बांधून ठेवलेलं पाहून कोणीतरी विचारलंच, कुत्रा कुठंय.

राहीबाईनं पान घेतलं, चुलवणापाशी गेली आणि पानासकट सगळं जाळात टाकलं. चर्र आवाज झाला. फुगे फुटले, घाण वास सुटला. बायका मागं सरल्या. दामूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. राखणदार कोपेल, काय करून बसलीस, असं तो पुटपुटला.

"कोपू दे," राहीबाई जाळाकडं बोट करून म्हणाली. "माझ्या सासूचा गळा त्यानं न्हाय धरला, दामूभावजी. ह्यानं धरला. आन् ह्यो आता माझ्या पोटान् हाय."

आग नीट धरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. एक हात बरगडीखाली होता, तो तिनं काढला नाही. सगळं जळून काळं झालं तेव्हा तिनं वरून आणखी दोन लाकडं रचली.

घरी आल्यावर तिनं भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवून मुकादमाला दिली. तीन महिन्यांची व्यवस्था, सुकन्याला तिनं सकाळीच खरं काय ते सांगून ठरवलेली. मुकादमानं एका घासात तुकडा गिळला आणि आणखी मागू लागला. नेत्रा धावत आली, तिनं त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि आजीकडं पाहिलं. आजी आता ओरडेल, असं तिला वाटलं असणार.

राहीबाईनं बादलीत पाणी ओतलं, साबण काढला आणि ओट्यावर बसली. पोरीचं खेळून होईपर्यंत ती तशीच वाट बघत बसली.