धाकट्या जावेचं पोट

हिंडलग्याच्या मंगलला शनिवारपर्यंत दवाखान्यात व्हय की न्हाय ते कळवायचं होतं. व्हय म्हटलं तर सोमवारी भरती आणि मंगळवारी ऑपरेशन. जठराचा मोठा भाग कापून टाकायचा आणि पोट केळ्याएवढं करून ठेवायचं. तिचं वजन एकशे आठ होतं, उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर, आणि उजवा गुडघा जिना दिसला की पाय टाकायच्या आधीच कण्हायचा. डॉक्टरला एवढी कारणं भरपूर झाली. मंगलचं खरं कारण मात्र पाच फूट दोन इंच उंचीचं होतं आणि त्याच घरात मागच्या खोलीत राहत होतं. धाकटी जाऊ, पूर्णिमा.

पूर्णिमानं सव्वा वर्षापूर्वी हेच ऑपरेशन करून घेतलं होतं. एकशे चारची सहासष्ट झाली. त्याआधी दोघी जावा रिक्षात बसल्या की रिक्षावाला तिसरं गिऱ्हाईक घ्यायचा नाही, आणि मंगल मोठ्या सुखात होती. जाडी दोघींत वाटलेली होती तोवर तिला तिचा भार कधी कळलाच नव्हता. सगळा भार एकटीच्या अंगावर आला तो पूर्णिमा दवाखान्यातून परतल्यावर.

डॉक्टरनं धोक्यांचा कागद दिला होता. टाक्यांतून गळती, रक्ताची गाठ, पित्ताचे खडे, केस गळणं, कातडी लोंबणं, जन्मभर गोळ्या, आणि एवढं सोसून काहींचं वजन परत वाढतं ते वेगळंच. मंगलनं तो कागद जावेची झडती घ्यावी तसा वाचला. केसांपाशी आल्यावर तिला बरं वाटलं, कारण पूर्णिमाची वेणी खरंच उंदराच्या शेपटीएवढी राहिली होती. दुसऱ्याच क्षणी तिचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. कातडीपाशी तसंच, खड्यांपाशीही तसंच. पूर्णिमाचं जे जे वाकडं व्हावं असं वाटे, ते ते उद्या आपलंही होणार होतं. असला मत्सर करायला लई त्रास पडतो.

शुक्रवारी नणंदेच्या मुलीचं, ऋतिकाचं लग्न बेळगावात होतं. घरची रीत अशी की कार्यात दोन्ही जावांना शहापूरच्या सारख्याच साड्या. रंग एक, काठ एक. त्यात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की बघणाऱ्याला दुसरं काही मोजायची गरजच उरत नसे. दारात गुलाबपाणी शिंपडताना गोकाककडच्या एका पाहुणीनं पूर्णिमाकडे बोट दाखवून मंगलला कानडीत विचारलं, "इवरु निम्म मगळा?" ही तुमची मुलगी का? मंगलपेक्षा पूर्णिमा पाचच वर्षांनी लहान. मंगल हसली. हसताना गुलाबपाणी मात्र पाहुणीच्या डोळ्यांत गेलं.

पंगतीत मांडे होते. परातीएवढा पातळ मांडा, आत पिठीसाखर, घडी घातलेला, वरून गरम दूध. पूर्णिमानं ताटावर आडवा हात धरला. "मला नको. गोड चालत न्हाय."

वाढायला मंगलच होती. "एवढ्या लोकांत माझा हात परतवणार व्हय? लेकीचं लग्न हाय. माझी शपथ हाय बघ."

थोरल्या जावेची शपथ. पलीकडच्या पानावरून सासरची शालूआत्या म्हणाली, "खा की गं, वाळून काटकी झालीयास!" पूर्णिमानं मंगलकडे एकदा पाहिलं आणि अर्धा मांडा खाल्ला.

पुढची पंगत बसायच्या आत ती ताटावरून उठली. मंगल मागोमाग गेली, ते काळजीनं की बघायला, हे तिलाही सांगता आलं नसतं. नवरीच्या खोलीत पूर्णिमा गादीवर आडवी पडली होती. पोलकं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, छाती धडधडताना साडीवरून दिसत होती.

"अगं बाई! डॉक्टरला बोलवू?"

"नको. अर्ध्या तासात उतरतंय. गोड पोटात गेलं की असंच."

"आधीबी झालंय?"

"चार-पाचदा."

"मला कधी सांगितलं न्हाईस ते!"

"सांगितलं असतं तर तुला आनंद झाला असता, आक्का."

मांडा मंगलनंच वाढला होता. ती पदरानं वारा घालू लागली.

थोड्या वेळानं पूर्णिमा म्हणाली, "तू नको करूस ऑपरेशन."

वारा थांबला. मंगलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे एकटी तूच बारीक राहायचं! मी कमी झाले तर तुला कोण बघणार, व्हय ना? खरं सांग."

पूर्णिमा छताकडे बघतच म्हणाली, "तेबी हाय."

मंगलनं भांडणाची तयारी केली होती. कबुलीची केली नव्हती. "आणि दुसरं काय हाय?"

"दुसरंबी खरंच हाय. माणसं पंगतीला जेवायला बसतात, मी घास मोजायला बसते. पोटाची कातडी अशी लोंबतीया की आंघोळीला आरसा झाकून ठेवते. पण साखरेची गोळी सुटली. जांबोटीला माहेरी बस चुकली तर आता फाट्यापासनं चालत जाते मी. आधी तिथंच बसून रडायची."

"पस्तावा झालाय का तुला?"

"सकाळी उठल्यावर न्हाय. जेवताना व्हय. रोज."

सव्वा वर्षात जावेचं इतकं खरं बोलणं मंगलनं ऐकलं नव्हतं. जी बाई आपलं जळणं कबूल करते ती पस्ताव्याचं खोटं कशाला सांगेल, असा तिनं हिशेब केला, आणि पहिल्यांदाच तो कागद तिला स्वतःसाठी लिहिलेला वाटला. उद्या पूर्णिमा परत शंभरावर गेली, तर आपण सोमवारी भरती होऊ का? मनानं विचारल्याबरोबर न्हाय म्हटलं. गुडघ्यानं मात्र व्हय म्हटलं.

"सोमवारी माझ्यासंगं चल," मंगल म्हणाली. "भरती व्हायला न्हाय. त्यांना उद्या सांगते, आधी बोलायचं हाय म्हणून. आत्ता मला जे सांगितलंस ते डॉक्टरसमोर सांग. घास, आरसा, हे घामाचं, सगळं. मग ते काय म्हणतात बघू. तवर ऑपरेशन न्हाय."

"आणि तरीबी ते कर म्हणाले तर?"

"तर करीन. गुडघ्यासाठी."

"फक्त गुडघ्यासाठी?"

मंगलनं पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "तुझ्यापेक्षा दोन किलो जास्तच ठेवीन, झालं?"

पूर्णिमानं डोळे मिटले. रंग अजून चेहऱ्यावर आला नव्हता.

"पाच ठेव," ती म्हणाली.

"तीन."

"चार. त्याच्या खाली मी दवाखान्यात येत न्हाय."