आत बाळ आहे का?

आसावरीने चार महिने खपून तयार केलेला आराखडा बोम्मसंद्राच्या कारखान्यात पहिल्यांदा पडद्यावर लागला. बेचाळीस चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा, चार रंग. हेड ऑफिसात याच चित्राचं कौतुक झालं होतं. इथे लोक चहाच्या कपात बघत बसले.

कंपनी नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवायची. वीस वर्षांत विक्रीचं एक सॉफ्टवेअर आलं, मालाचं दुसरं, दुरुस्तीचं तिसरं, आणि कुणाचं कुणाशी पटेना. ही सगळी एका सूत्रात कशी ओवायची, याचा आराखडा करायचं काम आसावरीकडे होतं. ओळखपत्रावर 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' लिहिलेलं असल्यामुळे तिच्या नागपूरच्या मावशीला ती बंगळूरमध्ये मोठमोठ्या इमारती बांधते असंच अजून वाटायचं.

शेवटी कारखान्याचे मॅनेजर मंजुनाथ खाकरले आणि म्हणाले, "मॅडम, इसमें हमारी विठाक्का किधर है?"

"विठाक्का? हे कोणतं सॉफ्टवेअर?" आसावरीने विचारलं.

तेव्हा मात्र सगळी खोली हसली.

विठाक्का म्हणजे विठाबाई. एकोणीस वर्षं दुरुस्तीच्या तक्रारींचा फोन घेणारी बाई. आसावरीने चित्रात शोधलं. एकतिसाव्या चौकोनात लिहिलं होतं, 'तक्रार नोंदणी: ऑनलाइन पोर्टल'. विठाबाईचं टेबल त्या चौकोनाखाली गडप झालं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत तिचा बॉस वेदांत म्हणाला, "तू एवढी अस्वस्थ का झालीस? लोकांचं नंतर बघू गं, त्यांचं ट्रेनिंग होईल. आधी कमिटीकडून आराखडा मंजूर करून घेऊ."

"कमिटीला अजून तीन आठवडे आहेत," आसावरी म्हणाली. "मी सोमवारपासून इथेच बसते."

सोमवारी ती विठाबाईच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. विठाबाई पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, केसांत अबोलीचा छोटा गजरा. समोरच्या संगणकावर पाच खिडक्या उघड्या, शेजारी कडा झिजलेली जाड वही. आसावरी हिंदीत नमस्कार करू लागली तशी तिने ओळखपत्रावरचं नाव वाचलं.

"आसावरी? मराठी काय गं तू?"

"हो, नागपूरची."

"मग मराठीत बोल की! मी निपाणीची. लग्न होऊन इकडं आलो ते इथलीच झालो." त्या भागातल्या बायकांसारखी विठाबाई स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' म्हणायची. "दिवसभर कन्नड, हिंदी, तेलुगू बोलून जीभ दमती बघ."

अकरा वीसला फोन वाजला. पलीकडचा आवाज आसावरीला ऐकू येत होता, घाईचा, घाबरलेला. विठाबाईने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिलं वाक्य बोलली ती, "मगु ओळगिदेया?"

पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं. विठाबाईचा आवाज चढला नाही. ती सूचना देई, थांबे, पलीकडून काही ऐकलं की "सरी, सरी" म्हणे. मग वहीची पानं उलटून एका ओळीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. थोड्या वेळाने पलीकडचा आवाज खाली आला. फोन ठेवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

"काय झालं होतं?" आसावरीने विचारलं.

"आनेकलकडच्या एका प्रसूतिगृहातली प्रेमा नर्स. यंत्रावर लाल दिवा लागला आणि ऊब गेली. मी पहिलं विचारलं, आत बाळ आहे का? होतं. कालचंच, पावणेदोन किलोचं. म्हटलं, आधी त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेव, डोक्याला टोपी घाल, वर पांघरूण घाल. ते झालं की यंत्राचं बघू, मी फोन धरून आहे. मग विचारलं, दोन नंबरच्या खोलीतलं यंत्र काय? त्या खोलीतलं एक सॉकेट ढिलं आहे, वहीत लिहिलंय मी. प्लग दुसरीकडं लावायला लावला. लागलं."

"आणि यंत्राचा नंबर?"

"तो शेवटी घेतला. नंबर असतो यंत्राच्या पाठीवर, यंत्र असतं भिंतीला चिकटून. बाळ आत असताना कुठं ओढत बसणार ती?"

आसावरीला आपला फॉर्म आठवला. तिच्या पोर्टलवरचा पहिलाच रकाना यंत्राच्या चौदा आकडी नंबरचा होता. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. चुकीची माहिती आत येऊ नये म्हणून ती अट तिने स्वतः घातली होती, आणि बैठकीत अभिमानाने सांगितलीही होती.

ती तीन दिवस तिथेच बसली. पुढचे दहा दिवस मंजुनाथांनी दिलेल्या दुभाष्याला शेजारी घेऊन तिने जुन्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. दोनशे बारा फोन. त्यांतल्या एकसष्ट फोनच्या वेळी बाळ यंत्रात होतं. तिने प्रत्येक फोनची नोंद केली: कोण बोलत होतं, हात मोकळे होते का, विठाबाईने काय विचारलं, कुठल्या खिडकीत पाहिलं, आणि कुठली गोष्ट कुठल्याच खिडकीत नव्हती म्हणून वहीत शोधली.

मग तिने कमिटीसाठी नवं सादरीकरण लिहिलं. बेचाळीस चौकोन बाजूला ठेवून एकच गोष्ट: प्रेमाचा फोन आणि विठाबाईची अकरा मिनिटं.

वेदांतने वाचून लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "छान आहे, पण कमिटीच्या श्यामला मॅडमना आराखडा हवाय. आपण त्यांना गोष्ट सांगायची?"

"आराखडा आहेच. तो कुणासाठी आहे ते आधी कळू दे."

"आणि त्या म्हणाल्या की हा भावनिक प्रकार आहे, तर?"

"तर मी दोनशे बारा फोन टेबलावर ठेवीन."

पण कमिटीआधी तिला ते विठाबाईला वाचून दाखवायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत दोघी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसल्या. विठाबाईने भात कालवत सगळं ऐकलं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "पण खरं न्हाई."

आसावरी चमकली. "काय चुकलं? सगळं तुमच्यासमोरच घडलं होतं ना, अक्का?"

"घडलं ते खरं. पण तू मला देवी करून बसवलीस. विठाबाई आहे म्हणून बाळं वाचतात म्हणे." तिने हात थांबवला. "गेल्या उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आठवड्यात एकदम दोन फोन आले. एक मी घेतला. दुसरीकडं एक नर्स चौदा मिनिटं कानाला फोन लावून उभी होती. नवीन पोर होती, बाळाला बाहेर काढावं का तसंच ठेवावं, तिला कळंना. बाळ गार पडलं. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. वाचलं ते, पण आठ दिवस मला जेवण गेलं न्हाई."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं? खिडकीत फक्त 'फोन घेतला नाही' एवढंच येतं." तिने आसावरीकडे रोखून पाहिलं. "ही माझी गोष्ट करू नकोस. ही त्या पोरीची कर. मी दुसऱ्या फोनवर असलो तर तिनं काय करायचं? मी उद्या घरी बसलो तर? ते सांग तुझ्या मॅडमला."

आसावरीने त्या दुपारी सादरीकरण पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. गेल्या दोन आठवड्यांत तिने विठाबाईचं टेबल वाचवायचं ठरवलं होतं. आता ते चित्र बाजूला सरलं आणि तिथे भिंतीशी उभी असलेली, कानाला फोन धरलेली एक मुलगी आली. पहाटेपर्यंत जागायची गरज पडली नाही. संध्याकाळी सहाला तिचं लिहून झालं होतं.

कमिटीत सात जण होते. श्यामला मॅडम मधोमध बसल्या होत्या. कंपनी त्यांच्या हाताखाली वाढली होती आणि लांबलेली बैठक त्यांना खपत नसे. आसावरीने पडदा कोरा ठेवला आणि उभी राहिली.

"सकाळचे अकरा वीस. प्रेमाच्या एका हातात फोन आहे. समोर लाल दिवा आहे, आणि आत पावणेदोन किलोचं बाळ."

तिने ही सकाळ तीनदा सांगितली. पहिल्यांदा विठाबाईचा फोन मोकळा होता. दुसऱ्यांदा तो व्यस्त होता, आणि ती चौदा मिनिटं तिने विठाबाईकडून ऐकली तशी सांगितली. तिसऱ्यांदा विठाबाई नव्हतीच, फक्त पोर्टल होतं. "प्रेमा फॉर्म उघडते. फॉर्म नंबर मागतो. नंबर यंत्राच्या मागे आहे. बाळ आत ठेवूनच ती यंत्र भिंतीपासून ओढायला लागते."

टेबलाभोवतीचे पेन थांबले होते.

"हा नंबर सक्तीचा कुणी केला?" श्यामला मॅडमनी विचारलं.

"मी," आसावरी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. "पुढे."

विक्री विभागाच्या प्रमुखांना मात्र राहवलं नाही. "एका नर्सच्या गोष्टीवर अख्ख्या कंपनीचा आराखडा उभा करायचा?"

"एका नव्हे, सर. दोनशे बारा फोन ऐकलेत. एकसष्ट वेळा बाळ आत होतं आणि त्यांतल्या एकाही नर्सला नंबर पाठ नव्हता. त्या एकसष्ट जणींची सकाळ मी तुम्हाला एका नावाने सांगितली."

आणि मग, आसावरीला अपेक्षा नसताना, वेदांत बोलला. बोलला तो स्वतःशीच, भुवई आक्रसून. "पण नंबर शेवटी घ्यायचा तर यंत्र ओळखायचं कशावरून? फोन नंबरवरून दवाखाना कळेल... दवाखान्यावरून तिथली यंत्रं. पण ते विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि सॉकेट ढिलं आहे हे कुठेच नाही."

"वहीत आहे," आसावरी म्हणाली. "'खोली' नावाचा रकाना आपल्या एकाही सॉफ्टवेअरमध्ये नाही. विक्री आणि दुरुस्ती जोडणारी रेषा जुन्या चित्रात चौतिसाव्या क्रमांकावर होती. ती पहिली करायला हवी. फोन व्यस्त असेल तर पलीकडून लगेच दोन वाक्यं ऐकू यायला हवीत, बाळाचं आधी काय करायचं ती. आणि त्या टेबलावर एक नव्हे, चार माणसं हवीत. त्यांना विठाबाई तयार करतील, त्यांची तयारी असेल तर."

आता तिने पडद्यावर चित्र लावलं. त्यात सातच चौकोन होते, प्रेमाच्या सकाळी जे लागले तेवढेच. बाकीचे पस्तीस मागे फिकट दिसत होते आणि कोण कुणाला आधार देतं ते पहिल्या नजरेत कळत होतं. विक्रीचे प्रमुख चष्मा पुसून पुढे झुकले आणि आपला विभाग कुठे आहे ते शोधू लागले.

श्यामला मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "विठाबाई या कामात आहेत ना?"

"त्यांच्याशिवाय मी सुरू करणार नाही, मॅडम."

"मग करा सुरू."

विठाबाई तयार झाली, पण वही द्यायला नाही. "वही माझी. वाचून दाखवीन, लिहून घ्या," तिने सांगितलं, आणि सहा आठवडे रोज एक तास ती वाचत गेली. कुठल्या गावात दुपारी वीज जाते, कुठल्या दवाखान्यात रात्रपाळीला एकटीच नर्स असते, कुठे जनरेटर आहे पण डिझेल नसतं. वेदांत स्वतः दोनदा येऊन बसला. दुसऱ्यांदा आला तेव्हा पहिल्याच पानावर त्याने तिला थांबवून प्रश्न विचारले. विठाबाई नंतर म्हणाली, "तुझा साहेब शिकंल. स्वल्प वेळ लागंल, पण शिकंल."

आठ महिन्यांनी नवी व्यवस्था पहिल्यांदा वापरायला दिली ती प्रेमाच्या प्रसूतिगृहात. आसावरी आणि विठाबाई आनेकलच्या बसने गेल्या. एकोणीस वर्षं फोनवर बोललेल्या दवाखान्यांपैकी विठाबाईने प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिला. प्रेमा उंच, तरतरीत होती. तिने विठाबाईला पाहिलं आणि हातमोजे काढून आधी पाया पडली.

चाचणी नीट झाली. फोन लागला, दवाखाना ओळखला गेला, खोलीसुद्धा. लाइन मुद्दाम व्यस्त ठेवली तेव्हा दोन वाक्यं कन्नडमध्ये स्पष्ट ऐकू आली. आसावरीने आपल्या वहीत बरोबरच्या खुणा केल्या.

"चांगलं आहे," प्रेमा म्हणाली. विठाबाई तिचं कन्नड मराठीत सांगत गेली. "पण मला काय करायचं ते आता कळतं. आईला कोण सांगणार? लाल दिवा तिलाही दिसतो. मी धावत येऊन बाळ तिच्या छातीवर ठेवते, तिला वाटतं सगळं संपलं. आमच्याकडे बोम्मसंद्राच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं येतात, ओडिशाची, बिहारची. अशा आईला कन्नड कळत नाही आणि मला उडिया येत नाही."

आसावरीने पेन खाली ठेवलं. कुठल्याच चित्रात आई नव्हती, ना बेचाळीस चौकोनांत, ना सातांत.

"एक वाक्य हवं," ती म्हणाली. "बाळ ठीक आहे, तुमच्या अंगाच्या उबेत राहू द्या. फोनमधूनच ऐकू येईल, तिच्या भाषेत. हिंदीचं मी आत्ता बोलते. उडियाचं कोण बोलेल?"

प्रेमाने वॉर्डकडे बोट दाखवलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई चार दिवसांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला हिंदीत सगळं समजावून सांगितलं. तिने पदर सावरला, फोन तोंडाशी धरला आणि एका दमात वाक्य म्हणून टाकलं. तेवढ्यात मुलगी रडली. विठाबाईने मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती बाई हसून म्हणाली की पुन्हा घ्या, या वेळी मी सावकाश बोलते.