मागील दाराचा राजवाडा

मी राजवाडा बोलतोय. हसलात ना? हसा. आमच्या मसुऱ्यात सगळे आधी हसतातच. अडीच हात रुंद, दोन हात उंच, वर्षातले साडेअकरा महिने जयराम मेस्त्रींच्या माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. एका बाजूला कांद्यांच्या माळा, दुसऱ्या बाजूला आमसुलांची बरणी. असा कुठे राजवाडा असतो का, म्हणाल. असतो. मी आहे.

माझं घराणं लहानसहान नाही. चीन देशात पेकिंग नावाचं शहर आहे, तिथल्या बादशहाच्या राजवाड्यातली जी मुख्य सदर, तिचा मी धाकटा भाऊ. तिकडे मी गेलेलो नाही. मला घडवणारे मेस्त्रीही गेलेले नाहीत. ते जन्मात रत्नागिरीच्या पलीकडे गेले नव्हते.

मी जन्मलो एका पत्रातून. म्हणून तर ही अशी शाळेतली मराठी बोलतो. पत्र आमच्याकडे याच भाषेत लिहायचं असतं. तोंडाने मात्र सगळा मालवणी कारभार.

ते पत्र लवूचं. लवू हा मेस्त्रींचा एकुलता मुलगा, बोटीवर खलाशी. सुताराच्या पोराने रंधा सोडून समुद्र धरला म्हणून बाप दोन वर्षं त्याच्याशी धड बोलला नव्हता. छप्पन्न साली त्याची बोट चीनच्या बंदराला लागली. तेव्हा दोन्ही देशांचं भारी गूळपीठ होतं. तिथल्या लोकांनी बोटीवरच्या माणसांना आगगाडीत बसवून राजवाडा दाखवायला नेलं. परत आल्यावर लवूने बापाला आठ पानं लिहिली. ख्यालीखुशाली एका ओळीत, बाकी सगळं सुतारकाम. ‘तीर्थरूप बाबांस, काल जगातलं सर्वांत मोठं लाकडाचं काम पाहिलं आणि तुमची फार आठवण झाली,’ अशी सुरुवात. मेस्त्रींनी वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पोराने एकेक गोष्ट मोजून लिहिली होती. खाली पांढऱ्या दगडाचं तीन टप्प्यांचं जोतं. वर बहात्तर खांब. समोरून मोजले तर बारा, म्हणजे अकरा खण. एकावर एक अशी दोन छपरं, पिवळ्या कौलांची, कारण पिवळा रंग तिथे राजाचा. खांब आणि छप्पर यांच्यामध्ये लाकडाचे हात एकात एक गुंतवलेले, त्यांत खिळा म्हणून नाही. मधोमध सात पायऱ्यांचा चौथरा, त्यावर सिंहासन, भोवती सहा सोनेरी खांब. सिंहासनाच्या बरोबर वर छतात एक नागासारखा प्राणी तोंडात चकचकीत गोळा धरून बसलेला. खोटा राजा खाली बसला तर गोळा त्याच्या टाळक्यात पडतो, असं तिकडे म्हणतात. बाहेर धूप घालायला एक बगळा आणि एक कासव, दोन्ही ओतीव.

“कासव तर आपल्या देवळातय आसा,” कावेरीबाई म्हणाल्या. कावेरीबाई म्हणजे मेस्त्रींची बायको, लवूची आई. त्यांना चीन एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

शेवटच्या पानावर घराण्याचा इतिहास होता. पाचशे वर्षांपूर्वी ती सदर बांधली आणि वर्षभरातच वीज पडून जळली. पुन्हा बांधली, पुन्हा जळली. असं किती वेळा. शेवटी शेवटी तेवढी मोठी झाडंच मिळेनात, तेव्हा लहान लाकडं सांधून खांब केले. आणि ते काम हाती घेण्याआधी एका म्हाताऱ्या सुताराने लाकडाची छोटी सदर करून दाखवली. तिच्यावरून मोठी उभी राहिली.

त्या ओळीखाली मेस्त्रींनी कानावरच्या पेन्सिलीने रेघ मारली. “म्हणजे आधी ल्हान इलो, मगे मोठो,” ते म्हणाले.

“मगे करा तुमी पण एक ल्हान,” कावेरीबाई म्हणाल्या. “चवथीक गणपतीक मखर तरी होयत. दरवर्षी कागदाचा करतास, तां धा येळा चिकटवूक लागता.”

परसातला फणस वाऱ्याने पडला होता. त्याच्या लाकडाचं माझं छप्पर झालं. फणसाचं लाकूड जन्मतःच पिवळं, रंगाचा खर्च वाचला. खांबांना तांबडी काव लावली. चकचकीत गोळा कुठून आणायचा? सोड्याच्या बाटलीतली गोटी काढून ती टांगली. पत्रात नव्हत्या अशा दोन गोष्टी मात्र मेस्त्रींनी मनाने केल्या. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन ठेवलं, आणि मागच्या भिंतीला मधोमध एक दार पाडलं.

राहिले छपरावरचे जीव. प्रत्येक कोपऱ्याच्या धारेवर दहा-दहा प्राणी रांगेत बसवलेत, असं लवूने लिहिलं होतं. मेस्त्रींनी सिंह कधी पाहिलेला नव्हता, म्हणून माझे सिंह घरच्या बोक्याच्या तोंडाचे आहेत. दहावा जीव तेवढा चमत्कारिक. माकडाचं तोंड, पाठीला पंख, हातात शस्त्र.

“मारुतीच तो,” सत्यवान म्हणाला.

सत्यवान शेजारच्या राधाबाईचा मुलगा, लवूचा जिवाभावाचा मित्र. बाप लहानपणीच गेलेला, आई भातशेती करून त्याला वाढवत आली. शनिवारचा उपास कधी मोडणार नाही असा मारुतीभक्त. लवू बोटीवर गेल्यापासून मेस्त्रींच्या पडवीवर येऊन बसायचा. त्याचं म्हणणं असं, की लंकेला उडी मारणाऱ्याला चीन काय लांब? मेस्त्रींनाही ते पटलं. त्यांनी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा तुकडा आणि सुरी त्याच्या हातात दिली. “तुझो देव तूच कर.”

केला बापड्याने. पण हात सुताराचा नव्हता. सुरी सटकली, मारुतीचा एक कान गेला आणि याचा अंगठा चिरला. रक्त लाकडात उतरलं. सत्यवानने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि आईच्या धाकाने कावेरीबाईंना म्हणाला, “काकी, आवशीक सांगू नकात. मारुतीचो कान कापलंय म्हणान माका फाडून खायत.”

बाकी कोपऱ्यांचे दहावे मेस्त्रींनी स्वतः केले. हा एककानी मारुती त्यांनी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसवला, मागील दाराच्या वर, कोणाच्या नजरेला येणार नाही असा. तिथवर येईपर्यंत रंगही संपला होता. म्हणून तो पांढराच राहिला, पोटावर तेवढा तपकिरी डाग.

सत्तावन्न सालच्या चवथीला गणपती माझ्यात बसले. पाच दिवसांत अख्खी वाडी मला बघून गेली. माझा थोरला भाऊसुद्धा रोज वापरात नसे म्हणे. राज्याभिषेक, लग्न, नवं वर्ष अशा मोजक्या दिवसांनाच बादशहा तिथे बसायचा. तेव्हा वर्षातून पाच दिवस मान आणि बाकी माळा, याबद्दल माझी तक्रार नाही.

एकोणसाठ साली लवू रजेवर आला. माझ्यापुढे मांडी घालून कितीतरी वेळ बसला, खांबांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “बाबा, मागे दार आसा काय नाय, तां मी बघूकच नाय. आमका फुडसूनच दाखवल्यानी.”

“बादशा झालो म्हणान काय झाला?” मेस्त्री म्हणाले. “मागलां दार नसला तर शेजारीण येतली खंयसून?”

लवू हसला आणि बापही हसला. त्या दोघांचं तेव्हापासून नीट जमलं, आणि त्यात माझा वाटा आहे हे मी सांगणारच.

सत्यवान त्याआधीच पलटणीत भरती झाला होता. बासष्ट साली चीनशी लढाई पेटली. दिवाळीनंतर महिन्याभरात राधाबाईच्या घरी तार आली. सत्यवान वर सरहद्दीच्या बर्फात पडला. त्याला तिथेच अग्नी दिला, घरी काहीच आलं नाही. राधाबाई रडली नाही की कोणाशी बोलली नाही. शेतावर जायची आणि घरात यायची, शेजारी म्हणून पाऊल टाकणं तिने सोडलं.

पुढच्या वर्षीची चवथ जवळ आली. मेस्त्रींनी मला माळ्यावरून काढलं, पण लुगडं सोडताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच मी काय ते समजलो. माजघरात ठेवलं मला, तोंड पडवीकडे, पाठ मागील दाराकडे. पडवीवर दाजी येऊन बसले होते. दाजी वाडीतले वडीलधारे, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सोबत आणखी दोघे-तिघे.

“जयरामा, वायट वाटून घेव नको,” दाजी हळूच म्हणाले. “पण त्या बायेच्या दारात चिन्याचा घर सजवूचा, ह्यां बरां दिसणा नाय.”

“माका कळता, दाजीनू,” मेस्त्री म्हणाले. “माझ्यान कुऱ्हाड घालवची नाय. खुंट्यो काढतंय. लाकडां चुलीत जातली.”

कोणीही वाईट नव्हतं हो. सगळे त्या बाईच्या दुःखापोटीच बोलत होते. फक्त तिला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. थोरल्या भावाला वीज जाळत होती, मला माझा बापच चुलीत घालणार होता. मला राग आला, खरं तेच सांगतो. मग मेस्त्रींनी माझ्या खुंटीवरून हळूच अंगठा फिरवला आणि रागही गेला, नुसतं वाईट वाटत राहिलं.

लाकडी हातोड्याने त्यांनी पुढच्या उजव्या कोपऱ्याची खुंटी ठोकली. मी करकरलो. दोन खांब निघाले. कावेरीबाईंना बघवेना, त्या मागील दाराकडे वळल्या, आणि दारातच राधाबाई उभी. हातात हळदीच्या पानांची जुडी.

“ह्या वर्षी आमका सण नाय,” राधाबाई म्हणाली. “पानां फुकट जातली. पातोळ्यांक घे तुका.”

आठ-नऊ महिन्यांनी तिने या घरात पाय ठेवला होता. कावेरीबाईंनी जुडी घेतली. राधाबाईची नजर माझ्यावर गेली. मागून आलेली, म्हणून तिला माझी पाठच दिसली. दरवर्षी ती मला पुढून बघायची, चारचौघांसारखी हात जोडून. पाठ आजच बघत होती.

“ह्यो कानतुटो कोण गो?” तिने विचारलं.

सहा वर्षं कावेरीबाईंनी शब्द पाळला होता. आता कोणासाठी पाळायचा? “सत्यवानान केल्लो तो,” त्या म्हणाल्या. “सुरी सटाकली. तुका सांगू नकात म्हणालो.”

राधाबाई खाली बसली. त्या डागावर तिने बोट ठेवलं. “अंगठो चिरून इल्लो तो एक दिवस. मी हळद लावलंय. खंय कापलंस, खंय कापलंस, किती इचारलंय. नुसतो हसलो.” बोट तिथेच ठेवून ती म्हणाली, “म्हणजे हंय.”

हातोड्याचा दुसरा ठोका पडला आणि मी पुन्हा करकरलो. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं पुढे काय चाललंय ते. ती उठून माझ्या पुढच्या बाजूला गेली. पडवीवरची माणसं उठून उभी राहिली.

“मेस्त्रीनू, ह्यां कोणासाठी मोडतास?”

“तुझ्यासाठीच गो, राधाबाय,” मेस्त्री म्हणाले.

“माका कोणी इचारल्यान?” आवाज चढवला नाही तिने. “माझो झील थंय बर्फात ऱ्हवलो. हाडूक पण इला नाय घराक. त्याचा एवढासा रगात ह्या घरात आसा, तां तुमी चुलीत घालतास?”

मेस्त्रींनी हातोडा खाली ठेवला आणि तोंडावर पंचा धरून ते रडले. मग राधाबाईही रडली, सगळं मागलं साठलेलं. कावेरीबाई तिला धरून बसल्या. दाजी पडवीच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांना आत यावं की जावं हेच कळेना.

बऱ्याच वेळाने मेस्त्रींनी मागच्या कोपऱ्यावरून तो मारुती अलगद काढला आणि राधाबाईच्या हातावर ठेवला. “घेवन जा. तुझो आसा.”

तिने तो बघितला, पदराने पुसला आणि परत दिला. “चवथ होवंदेत आधी. धावो नसलो तर राजाचां घर कसां?”

मेस्त्रींनी काढलेले दोन खांब परत बसवले, आणि त्या चवथीला दाजींनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्यां घर खंयच्याय राजाचा नाय. ह्यां आमच्या झिलांचा घर. एक दर्यार आसा, एक तुझ्याकडे इलो. दोगांचीय सांभाळणूक तुझ्या पदरात रे म्हाराजा.” “व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. गणपतीच्या डोक्यावरची सोड्याची गोटी होती तिथेच राहिली. ती आजतागायत पडलेली नाही.

विसर्जनानंतर राधाबाई मारुतीला घरी घेऊन गेली आणि आपल्या देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून तोच शिरस्ता. चवथीच्या आदल्या दिवशी तो पदरात घेऊन ती मागील दाराने येते, स्वतःच्या हाताने खुंटीवर बसवते, आणि पाच दिवसांनी घेऊन जाते.

आता साल एकोणसत्तर. माझ्या एका खांबाला वाळवी लागली आहे. मेस्त्रींना सुई ओवता येत नाही इतकी नजर गेली, पण बोटं फिरवून माझा खण न् खण मोजतात. लवू यंदा रजेवर घरी आहे. सकाळीच त्याने मला माळ्यावरून उतरवलं. राधाबाईचे गुडघे धरलेत, म्हणून तो तिला आणायला निघाला होता. मेस्त्रींनी अडवलं. “तिका येवंदे तिच्या पायान,” म्हणाले.

तुम्हाला एकच सांगणं. पुढेमागे मी कोणा परक्याच्या हाती पडलो आणि त्याने छपरावरचे जीव मोजले, तर मागच्या डाव्या कोपऱ्यावर नऊच भरतील. एक हरवला, नवा करून बसवू, असं कोणी म्हणालं तर त्याचा हात धरा. तो हरवलेला नाही. शेजारी आईकडे आहे.

उद्या चवथ. दुपार कलली, अजून तिचा पत्ता नाही. कावेरीबाई तिसऱ्यांदा मागे डोकावून आल्या. आता कोणीतरी काठी टेकत येतंय, पायरीवर थांबून दम घेतंय.

“कावेरी, आसंस गो घरात?”

थांबा हं जरा. माझा दहावा आला.