आठव्या खणाची गोष्ट

मित्रांनो, मी भातकुलीच्या शाळेतला एक जुना नेटवर्क स्विच आहे. पंख्याचं बटण समजून मला दाबायला येऊ नका! माझ्या अंगावर आठ खण आहेत. एका खणात बाहेरच्या जगाकडे जाणारी वायर, सहांत संगणकांच्या वायरी आणि आठवा रिकामा. पत्ता वाचायचा आणि निरोप ज्याचा त्याला द्यायचा, हे माझं काम. त्यात मी कधी चुकलो नाही, हे छाती पुढे काढून सांगतो.

मोठी फिल्म पाठवायची तर ती अखंड जात नाही. परतवाड्याहून अमरावतीला लग्नाचं वऱ्हाड निघालं की पाच-सहा जीपमध्ये बसतं ना, तसंच. फिल्मचे हजारो तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि नंबर असतो. तिकडे ते नंबरानं जोडले जातात. एखादा वाटेत राहिला, तर तोच तेवढा पुन्हा पाठवला जातो.

नवा होतो तेव्हा माझं केवढं कौतुक! मग सगळ्यांच्या हाती मोबाइल आले आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. माझ्या रिकाम्या आठव्या खणात धूळ जाऊ नये म्हणून आरती मॅडमनी चिकटपट्टी लावली, तेवढीच काय ती माया.

गेल्या खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा झाली. आमच्या सेविका मनकर्णाबाईंनी मलाही मान दिला. बाहेरची वायर काढायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्या उपसून त्यांनी खणाखणात काडीनं ओलं कुंकू लावलं, वायरी परत खोचल्या आणि झेंडूची माळ घातली. मी अगदी हरखून गेलो.

त्याच सकाळी नववीतली प्रणाली फिल्म पाठवायला बसली. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी तिनं सापळा केला होता आणि हंगामभर शेतात राबून त्याची फिल्म काढली होती. बारापर्यंत ती अमरावतीच्या विज्ञान स्पर्धेला पोचली नाही, तर प्रणाली बाद होणार होती.

अर्धी फिल्म गेली आणि ओल्या कुंकवानं माझा घात केला. दिवा लुकलुकू लागला, तुकडे गळू लागले. गळालेले तुकडे संगणक पुन्हा पाठवत होता, पण माझा दम संपत आला.

"मॅडम, हे थांबून राहिलं!" प्रणाली रडवेली झाली.

मॅडमनी वायर उपसली. टोक लालभडक!

"म्या तं पूजा केली वो," मनकर्णाबाई घाबरल्या. "त्याले काहून असं झालं?"

"आता बाकीचे खण पाहू नका. तो पट्टीवाला उघडा!" मॅडम म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनीच पट्टी ओढली. आठवा खण कोरडा ठणठणीत होता! वायर बसली, हिरवा दिवा पेटला आणि राहिलेले तुकडे माझ्यातून धडाधड निघाले. एकही हरवला नाही.

"पोचली! पुरी पोचली!" प्रणाली ओरडली आणि मनकर्णाबाईंच्या गळ्यात पडली. महिन्याभरानं ती पहिली आली, तेव्हा शाळेत फटाके वाजले. मित्रांनो, तो आनंद माझ्याही खणाखणात मावत नव्हता.

आमची पूजा जरूर करा. पण कोरडं फडकं फिरवा, ओलावा दूर ठेवा, रिकामे खण झाका. यंदा मनकर्णाबाईंनी कुंकू माझ्या डोक्यावर लावलं, बरोबर आठव्या खणाच्या वर.