पुढची सीट

वहिनीने पुढच्या सीटवर बसून एक पाय जमिनीला टेकवला आणि कुणी हिसकावून नेईल असं हँडल घट्ट धरलं.

"बसलात का, वन्सं?"

"मी केव्हाची बसलेय. तू सुरू कर म्हणजे खरं. नाहीतर फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या दोघी इथेच राहू," मागून नणंद म्हणाली.

उद्यानाच्या फाटकावरचा पहारेकरी हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. पुढच्या महिन्यापासून तळ्याकडची वाट फक्त चालणाऱ्यांसाठी राहणार होती. सायकलींसाठी दलदलीच्या पलीकडून नवा, सपाट रस्ता केला होता. ते कळल्यावरच वहिनीने नवरा गेल्यापासून गोणपाटाखाली झाकून ठेवलेली ही दोन सीटांची सायकल बाहेर काढली होती आणि नणंदेला फोन केला होता.

या सायकलवर ती जन्मभर मागे बसली. हँडल, ब्रेक, वळणं सगळं नवऱ्याकडे. तिच्या वाट्याला पायडल आणि घामाने भिजलेली त्याची पाठ.

सायकल दोनदा झोकांड्या खाऊन सावलीत शिरली. दोन्ही बाजूंना बुटक्या ताडांची दाटी होती आणि वरच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबत होतं. हवा ओलसर, अंगाला चिकटणारी. पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात बसली होती.

"सरकारी कचेरीत नंबर लावल्यासारखी बसलीयत बघ," नणंद म्हणाली. फाटकापासून तिच्या बोलण्याला खंड नव्हता. मग जरा थांबून तिने विचारलं, "वहिनी, दादाला कळलंच नाही का गं, आपली तब्येत इतकी उतरलीय ते? डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा मला म्हणाला, दर रविवारी तळ्याचा चढ चढतो मी, मला काय धाड भरलीय."

समोर वळण होतं. वहिनीने त्याचं निमित्त केलं आणि दोन्ही हातांनी हँडल वळवलं.

त्या शेवटच्या वर्षी तो चढ तो स्वतः चढलाच नव्हता. दोन्ही पायडलं एकाच चेनने जोडलेली. मागच्याने जोर लावला की पुढच्याचे पाय आपसूक फिरतात. त्याचा श्वास फुलायला लागला तशी ती मागून दातओठ खाऊन सायकल रेटायची, आणि धाप ऐकू जाऊ नये म्हणून तोंड मिटून घ्यायची. वर पोचलं की तो हँडलवर थाप मारून म्हणायचा, "बघ, आहे की नाही दम?" ती म्हणायची, "आहे की."

एकदा, फक्त एकदा तिने पाय सैल सोडले असते, तर सायकल चढावर थांबली असती. तो खाली उतरला असता. कदाचित दवाखान्यातही गेला असता. तो गेल्यापासून रोज पहाटे जाग आली की तिच्या डोळ्यांपुढे ती न थांबलेली सायकल यायची.

चढ लागला. अर्ध्यावर येईतो वहिनीच्या मांड्या भरून आल्या. आता उतरावं लागणार म्हणून तिने ब्रेकवर बोटं नेली. पण सायकल थांबली नाही. तिच्या पायांत जोर उरला नव्हता, तरी पाय फिरत होते. खालून कुणी तळवे उचलून धरावेत तसं पायडल वर येत होतं. उजवीकडून भरदार, डावीकडून किंचित अडखळत, पुन्हा उजवीकडून भरदार.

मागे नणंदेचा आवाज बंद झाला होता.

"वन्सं, दमलात का?"

"मी?" शब्द जपून बाहेर आला. "मी नुसती बसलेय. तूच ओढतेयस सगळं."

वहिनीला समोरची वाट नीट दिसेना. तिने हँडल सरळ धरून ठेवलं. इथून सगळं कळत होतं. इथे बसलेल्या कुणालाही कळलं असतं, पहिल्याच चढावर.

वर पोचल्यावर दोघी उतरल्या. खाली तळं संथ पडलं होतं, काठाला दोन बगळे उभे होते. नणंद बाकावर बसली आणि उगाच पदराने वारा घेत पाण्याकडे बघत राहिली. वहिनीने सायकल झाडाला टेकवली.

"मघाशी विचारलंत ना तुम्ही," ती म्हणाली. "कळत होतं त्यांना."

"तुला म्हणाला होता तसं?"

"नाही."

"मग? उगाच मनाचे खेळ करून घेऊ नकोस."

वहिनी नणंदेच्या पुढ्यात खाली बसली, तिचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि हलकेच चोळू लागली.

"अगं," नणंद पाय मागे घेत म्हणाली, "हा दुखतो हे तुला कुणी सांगितलं?"