व्याह्यांचा आराम

मी तापट माणूस. घरात कुणालाही विचारा. पण व्याह्यांपुढे माझा आवाज चढत नाही, त्यांच्या घरात लेक दिलीय. तेही ट्रक चालवतात, मीही चालवतो, फक्त कंपन्या वेगळ्या. त्या दिवशी एकाच गोदामात माल भरायला आमची गाठ पडली.

दिवसही आनंदाचा. पहाटे माझी लेक बाळंत झाली होती. माल भरायचा, घाट ओलांडायचा आणि थेट दवाखाना गाठायचा, असा दोघा आजोबांचा बेत होता. मी घरून झोप काढून सकाळी रांगेला लागलो होतो. ते मात्र आदल्या संध्याकाळपासून तिथेच होते.

आता आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. गंमत कसली, डोंबल! केबिनमध्ये एक डबा बसवलेला असतो. गाडी पळाली की तो आपणहून 'चालू' लिहितो. उभी राहिली की बटण आपण दाबायचं, 'काम' नाहीतर 'आराम'. पुरेसा आराम झाल्याशिवाय पुढचा लांबचा पल्ला मारता येत नाही. नियम चांगलाच आहे हो, ड्रायव्हरने झोपावं म्हणून तर केलाय. पण गोदामात ताटकळणं कशात धरायचं? ऑफिस म्हणतं, गोदामवालेही म्हणतात, बसूनच आहात ना, दाबा आराम. आणि इथे दर थोड्या वेळाने कुणीतरी दारावर थाप मारतं, गाडी पुढे घ्या. मग ती गोगलगायीसारखी सरकवायची, म्हणजे डब्याला पत्ता लागत नाही. डब्याच्या हिशेबाने माणूस घोरत असतो आणि त्याचा पाय असतो क्लचवर.

व्याह्यांचं रात्रभर हेच चाललं होतं. या फलाटाला लावा, नाही, त्या फलाटाला लावा. डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण डब्यात आराम पूर्ण!

दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि मला विचारलं, मुलगा झाला की मुलगी? मी म्हटलं, मुलगी. ते म्हणाले, वा वा. मी हसून परत फिरलो खरा, पण दोनदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने त्यांचा माल भरून झाला आणि कागद घ्यायला ते भिंतीशी गाडी लावून थांबले. मी जाऊन हळूच सुचवलं, जरा पडा, मग निघा. त्यांनी उडवूनच लावलं. आराम भरलाय, ऑफिसचे फोनवर फोन येतायत, नात बघायचीय, झोप काय घरी जाऊन काढता येईल. मुलीच्या बापाने किती ताणायचं?

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. फलाट रिकामा होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी काढली आणि फलाटाला लावायची सोडून थेट व्याह्यांच्या गाडीपुढे आडवी घातली. मागे भिंत, पुढे मी. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि आराम दाबला.

गोदामाचा सुपरवायझर धावत आला आणि तोंडाला येईल ते बोलू लागला. मी त्याला डबा दाखवला. म्हटलं, गोदामात आराम दाबा, हे तुम्ही लोकच सांगता ना? दाबलाय. आता आरामातल्या ड्रायव्हरला गाडी हलवायला लावायची असेल तर तसं सहीनिशी लिहून द्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि माझा नंबर मागच्याला देऊन टाकला. माझी दिवसाची फेरी बोंबलली.

मग नुकतेच मिळालेले कागद घेऊन व्याही उतरून आले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला शहाणा समजत होतो, म्हणाले. ही सोयरीक करून चूक झाली, असंही म्हणाले. उद्या याचा राग माझ्या पोरीवर निघाला तर? पण आता माघार घेऊन उपयोग नव्हता.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "दुपारी तुम्ही मला विचारलंत, मुलगा झाला की मुलगी. अहो, सकाळी ती बातमी मला तुम्हीच फोन करून दिली होती."

"मी विचारलं?"

"हो."

ते माझ्या गाडीच्या पायरीवर बसले. हातातले कागद घडी करून खिशात घातले.

"मागच्या फेरीला घाटात मला जाग आली," ते म्हणाले, "ती गाडी कठड्याला घासल्याच्या आवाजाने. घरी कुणाला बोललो नाही."

त्यांच्या बोलण्याचा आलेला राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना धरून वर घेतलं आणि माझ्या बर्थवर आडवं केलं. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडेपर्यंत ते झोपलेसुद्धा.

मी खाली उतरून केबिनचं दार लोटलं, तोच लेकीचा फोन आला. बाबा, म्हणजे तिचे सासरे, फोन उचलत नाहीत, निघाले ना, असं विचारत होती. मी सगळं सांगितलं, कठड्याचं तेवढं सोडून. दोघांनाही आज यायला जमणार नाही, उद्याच येऊ, असंही सांगून टाकलं. ती रुसेल, दुसरं काय.

"पप्पा, बाबांना उठवू नका," ती म्हणाली. "आम्ही दोघी कुठे जात नाही."