गाडी पॉलकाकांपर्यंत पोचेना

मित्रांनो, तळहाताएवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप आणि विजेची दिशा बदलणारे दोन रिले, एवढाच माझा देह. खेळण्यातली आगगाडी रुळाच्या टोकाला पोचली की तिला थांबवायचं आणि उलट धाडायचं, हे माझं काम. आता मी जुनी झाले आहे. आधीच कबूल करते, माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मला अजून नीट कळलेल्या नाहीत.

२००२ साली वसईजवळच्या पापडीत माझा जन्म झाला. मला घडवणारी सालोमी वालीवच्या एका कारखान्यात सर्किटं जोडायची. तिचे वडील पॉलकाका दर नाताळला घराच्या ओट्यावर येशूजन्माचा गोठा मांडत आणि त्याच्या मागून छोटी आगगाडी चालवत. ओटा अरुंद, म्हणून रूळ सरळ. गाडी टोकाला गेली की काका खटका फिरवून तिला मागे आणत. पण आदल्या वर्षी त्यांचा कापरा हात वेळेवर फिरला नाही आणि इंजिन ओट्यावरून खाली पडलं. इंजिन दुरुस्त झालं. काका मात्र म्हणाले, "यंदापासून गाडी नको."

म्हणून सालोमीने मला बनवलं. "पप्पा, आता तुम्ही नुसतं बसून बघायचं," ती म्हणाली.

रुळाच्या दोन्ही टोकांना तिने उजेड ओळखणारे दोन डोळे बसवले. डोळ्यावर अंधार आला म्हणजे गाडी आली, एवढंच मला शिकवलं. टेबलावर मी शहाण्यासारखी वागले. ओट्यावर मात्र सगळा घोटाळा झाला. गाडी डावीकडून निघून मध्यावर येई, तोच उजवा डोळा मला सांगे, अंधार झाला. मी गाडी थांबवून परत पाठवी. उजव्या टोकाला काका खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांच्यापर्यंत गाडी एकदाही पोचली नाही.

सालोमीने माझी स्मृती पुसून नव्याने लिहिली. एकदा नव्हे, सात वेळा. सांगितलं तेच मी करत होते आणि तरीही सगळे हिरमुसत होते. माझं काय चुकतंय?

नाताळ चार दिवसांवर आला. काका म्हणाले, "तिला माझ्याकडे यायचंच नाही. गुंडाळून ठेव, सालोमी."

तेवढ्यात आल्बिनाकाकूंनी आतून हाक मारली, "अहो, चहा झालाय." काका उठून आत गेले आणि गाडी थेट उजव्या टोकाला आली, थांबली, परत फिरली. तीन वेळा. सालोमी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग ती स्वतः खुर्चीत बसली आणि नजर अधू झालेले काका गाडी बघायला वाकत तशी पुढे वाकली. तिची सावली डोळ्यावर पडली. गाडी अर्ध्यातून मागे वळली.

"मग खुर्ची हलवू या की," दारात आलेल्या काकू म्हणाल्या.

"नको. पप्पांची जागा तीच. मी डोळे बदलते."

दुसऱ्या दिवशी तिने काचेच्या नळीतले दोन बारीक स्विच आणून डोळ्यांच्या जागी बसवले. चुंबक जवळ आला की ते जुळतात. चुंबक इंजिनाच्या पोटाखाली चिकटवला. आता सावली पडो की न पडो, गाडी काकांसमोर येऊन थांबली.

काकांनी वाकून गाडीला हात लावला. मग म्हणाले, "हिला परत पाठवायचं काम मला देशील? एखादं बटण लाव."

"मग मी हे सगळं कशासाठी केलं, पप्पा?"

"ती पडू नये म्हणून. निघायचं कधी, ते मी सांगीन."

सालोमीने मोठं बटण जोडलं आणि मला आठव्यांदा लिहिलं. डावीकडे स्वतः वळायचं, उजवीकडे थांबून वाट बघायची. त्या नाताळात गावातली मुलं ओट्याला खेटून उभी राहिली. काकांचं बोट बटणावर पोचायला कधी दोन क्षण लागत, कधी पुष्कळ. गाडी एकदाही पडली नाही.

सहा नाताळ आम्ही असं काम केलं. मग काका गेले. सालोमी विरारला राहायला गेली. मी बिस्किटाच्या डब्यात आहे, खाऱ्या हवेने माझ्या तांब्यावर हिरवा गंज चढला आहे.

मित्रांनो, एखादं यंत्र वेड्यासारखं वागलं तर त्याला टाकून देण्याआधी एकदा ते वापरणाऱ्याच्या जागी बसून बघा. आणि थकलेल्या माणसासाठी काही बनवलंत, तर थोडं काम त्याच्या हाती राहू द्या. हे दुसरं मी सालोमीकडून ऐकलं. मला स्वतःला त्याचा अर्थ लागत नाही. गाडी थांबलेली असताना मुलं गाडी सोडून काकांच्या हाताकडे का बघत, हेही मला कळलं नाही.